आभार शेवटीच असतात

जनसंपर्क एजन्सीतल्या तिच्या इंटर्नशिपचा शेवटचा आठवडा चालू होता आणि ऑफिसातली रद्दी विकायला काढली होती. रद्दीवाल्याने गठ्ठा काट्यावर चढवण्याआधी वरचे दोन-चार पेपर उलगडून बघितले आणि विचारलं, "ताई, सगळ्यांना भोकं कशी पडलीत?"

ती भोकं तिनेच पाडली होती. सकाळी पेपर आले की लाल पेनाने खुणा करायच्या, स्टीलची पट्टी दाबून धरून ब्लेडने बातमी कापायची, कोऱ्या कागदावर डकवायची, वर पेपरचं नाव, तारीख, आवृत्ती, पान क्रमांक लिहायचा, मग स्कॅन करून क्लायंटच्या डॉकेटमध्ये टाकायची. कात्रण उलटं केलं की पाठीमागे कुणाचा तरी अर्धा चेहरा असायचा. बहुतेकदा निधनवार्तेतला. तो चेहरा ती क्षणभर बघायची आणि मगच डिंक लावायची.

गठ्ठा हलला तसा शाईचा आणि वाळलेल्या डिंकाचा एकत्र वास आला. त्या वासाने ती थेट कराडच्या घरी जाऊन पोचली, दिवाणाखालच्या पत्र्याच्या पेटीपाशी.

पेटीत आईची वही आहे. पाठपुठ्ठ्याची, दोनशे पानी, मैद्याच्या खळीने फुगलेली. गल्लीतल्या महिला मंडळाच्या जेवढ्या बातम्या पेपरात आल्या तेवढ्या त्यात चिकटवलेल्या. संक्रांतीचं हळदी-कुंकू, श्रावणातली मंगळागौर, हस्तातला भोंडला, एखादं रक्तदान शिबिर. सगळे कार्यक्रम 'उत्साहात' पार पडलेले. अध्यक्षांचं नाव आहे, प्रमुख पाहुण्यांचं आहे, प्रास्ताविक आणि सूत्रसंचालन करणाऱ्यांचंही आहे. आईचं नाव कुठेच नाही.

कारण आई आभार मानायची. दरवर्षी तीच. खुर्च्या कुठल्या मांडववाल्याकडून आल्या, माईक कुणी फुकट दिला, तिळगुळाचे लाडू कुणी वळले, सतरंज्या कुणी झटकल्या, हे सगळं तोंडपाठ असणारी तेवढी एकच बाई मंडळात होती. त्यामुळे प्रसिद्धिपत्रकाच्या शेवटच्या ओळीत तिचं नाव यायचं, आणि पेपरात जागा कमी पडली की डेस्कवरचा उपसंपादक बातमी खालून कापायचा. खिळे जुळवायच्या काळापासूनची ही रीत आहे. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली, आणि कात्री चालवायची ती तळाकडून.

त्या अनोळखी उपसंपादकावर ती शाळेत असल्यापासून रागावलेली आहे. पुढे पुण्यात पत्रकारिता शिकताना ही रीत वर्गात फळ्यावर आली, उलटा त्रिकोण काढून. बाकीचे वहीत त्रिकोण काढत होते. तिला आईच्या वहीतली पानं दिसत होती.

एजन्सीत आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की हा अख्खा धंदाच बिननावाच्या माणसांचा आहे. बातमी क्लायंटची, बायलाइन बातमीदाराची. मजकूर रात्री जागून लिहिणाऱ्याचं नाव कुठेच यायचं नाही, यायला नकोच असतं. गांजवे चौकातल्या पत्रकार भवनात परिषद असली की ती दाराशी टेबल घेऊन बसायची. पुढ्यात रजिस्टर, बाजूला प्रेस किटचा ढीग. येणारा प्रत्येक जण नाव, पेपर, मोबाइल नंबर लिहून आत जायचा. आत व्यासपीठावर नावाच्या पाट्या कुठल्या क्रमाने ठेवायच्या यावर क्लायंटकडच्या साहेबांशी अर्धा तास खल व्हायचा. परिषद संपली की फोन सुरू. "सर, प्रेसनोट मिळाली का?" "बघतो." "फोटोही पाठवलाय, सर." "जागा असली तर लावतो." पलीकडचा आवाज दमलेला असायचा आणि त्या माणसाचं खोटं नसायचं, जागा खरोखरच नसायची. ६ जानेवारीला, 'दर्पण'ची आठवण म्हणून महाराष्ट्र पत्रकार दिन पाळतो त्या दिवशी, ती पत्रकारांच्या यादीतल्या एकेकाला फोन करून शुभेच्छा देत बसली. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. तिच्या ऑफिसातल्या प्रेसनोटही दोन भाषांतच निघायच्या, आणि मराठीची जबाबदारी सुरुवातीपासून तिच्याकडे होती.

आता प्रेसनोटचा विषय निघाला की आयव्ही ली मधे येतो, आणि त्याला थांबवता येत नाही. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीपाशी पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली, ५०हून अधिक माणसं गेली. अपघात झाकून ठेवायचा ही तेव्हाच्या रेल्वे कंपन्यांची सवय. ली कंपनीचा प्रसिद्धी सल्लागार. त्याने कंपनीला राजी केलं, बातमीदारांना अपघाताच्या जागी नेण्याची सोय केली आणि लेखी निवेदन हातात ठेवलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते जसंच्या तसं छापलं. जनसंपर्काच्या पाठ्यपुस्तकांत प्रेसनोटचा जन्म बहुधा इथून धरतात. पण याच लीने १९१४मध्ये, कोलोरॅडोतल्या लडलो इथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला होऊन बायकामुलं मेल्यावर, रॉकफेलर मंडळींसाठी पत्रकं काढली, आणि त्यांत कामगार नेत्यांच्या मानधनाचे चुकीचे, फुगलेले आकडे होते. तेच हत्यार, तोच माणूस, मधे आठ वर्षं. तिला या दोन्ही गोष्टी एकदम आठवतात. आकडा असलेली प्रत्येक ओळ ती क्लायंटकडून लेखी मागून घ्यायची, ती या लडलोमुळे. कुणी कुरकुर केली तरी घ्यायचीच.

आकड्यांचं दुसरं काम महिनाअखेरीला यायचं. छापून आलेल्या बातमीची लांबी-रुंदी पट्टीने मोजायची, चौरस सेंटिमीटर काढायचे, त्याला त्या पेपरच्या जाहिरातीच्या दराने गुणायचं. म्हणजे एवढी जागा विकत घेतली असती तर किती पैसे पडले असते, ते कळतं. वाचक जाहिरातीपेक्षा बातमीवर जास्त विश्वास ठेवतो असं म्हणून काही जण त्याची तिप्पटही करतात. जनसंपर्काचं मोजमाप करणाऱ्या देशोदेशींच्या मंडळींनी २०१० साली बार्सिलोनात बसून जी तत्त्वं ठरवली, त्यांत स्पष्ट म्हटलंय की हे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. तिला ते शंभर टक्के पटतं. पट्टी लावून जागा मोजता येते. त्या जागेत कोण आलं आणि कोण राहून गेलं, हे पट्टीला कळत नाही. तरी अहवालाच्या शेवटच्या पानावर तो आकडा हवाच असायचा, ठळक अक्षरांत.

तिच्या लहानपणी कराडला मंडळाचं प्रसिद्धिपत्रक फुलस्केप कागदावर, कार्बन घालून, आईच्या अक्षरात व्हायचं. ते वार्ताहरकाकांच्या दुकानात नेऊन द्यायचं काम तिचं. काकांचं झेरॉक्सचं दुकान. बातमीदारी हा जोडधंदा, मानधन नावापुरतं. संध्याकाळी ते दिवसभराच्या बातम्या पाकिटात घालून एसटी स्टँडवर जायचे आणि गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचे. पलीकडच्या स्टँडवर पेपरचा माणूस पाकीट उतरवून घ्यायचा. तालुक्यातालुक्यांच्या बातम्या तेव्हा अशाच, तिकिटाच्या पेटीशेजारी बसून प्रवास करायच्या. पाऊस असला की काका पाकिटाला प्लास्टिकची पिशवी बांधायचे, वर रबर लावायचे आणि कंडक्टरला बजावायचे, "मास्तर, भिजू देऊ नका." आईचं नाव त्या पिशवीतून दरवर्षी कोरडंठाक पोचत असणार. पुढे काय व्हायचं ते वहीत दिसतंच.

नववी-दहावीत असताना एकदा तिने आईला उपाय सुचवला होता. आभाराची ओळ वर घे. दुसऱ्याच वाक्यात टाक, म्हणजे कापली जाणार नाही. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आभार शेवटीच असतात गं. पाहुणे बोलायच्या आधीच आभार कसे मानायचे?"

त्यावर तेव्हा तिच्याकडे उत्तर नव्हतं.

इंटर्नशिप संपली ती संक्रांतीच्या पुढेमागे. प्रमाणपत्र मिळालं, सगळ्यांनी मिळून केक कापला, ऑफिसचा ईमेल संध्याकाळी बंद झाला. पत्रकारांची यादी कंपनीची, ती तिथेच राहिली. ते योग्यच आहे. पुढची नोकरी हातात नव्हती, म्हणून ती गावी गेली. रथसप्तमीच्या आत मंडळाचं हळदी-कुंकू उरकायचं होतं. आता फुलस्केप नाही, कार्बन नाही. वार्ताहरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर मजकूर आणि फोटो टाकला की झालं. आईने मोबाइल तिच्याकडे सरकवला. "तूच लिही यंदा. शिकून आलीस ना?"

तिने लिहायला घेतलं. अध्यक्षा, पाहुण्या, वाण म्हणून काय लुटलं, किती जणी आल्या. मग तिने एजन्सीत शिकलेली युक्ती केली: पहिल्याच परिच्छेदात 'संयोजन' म्हणून एक वाक्य घातलं आणि त्यात राबणाऱ्या सगळ्यांची नावं घेतली, आईचंही. आभार शेवटीच ठेवले. आईने वाचलं, चष्मा वर-खाली केला, हरकत घेतली नाही. फक्त म्हणाली, "गिरणीवाल्या काकू राहिल्या. लाडवाचे तीळ त्यांनीच भाजून दिले सगळे."

"त्यांचं नाव काय?"

"गिरणीवाल्या काकूच की."

"पेपरात तसं कसं छापतील, आई?"

आई गप्प झाली. इतकी वर्षं समोरासमोर राहून, दळण टाकून, एकमेकींच्या बाळंतपणांना डबे पोचवून, नाव तिला सांगता येईना. आडनाव येत होतं, काकांचं नावही येत होतं. ती चपला घालून समोर गेली. बराच वेळ आली नाही. परतली तेव्हा पदराला पीठ लागलेलं होतं आणि चेहऱ्यावर नवलच होतं.

"अगं, त्या मलाच विचारतायत. माहेरचं छापायचं का सासरचं? लग्नात नाव बदललं म्हणे त्यांचं. माहेरच्या नावाने हाक मारणारं आता कुणी राहिलं नाही."

"मग?"

"मग काय, मला दोन्ही आवडली."

तिने दोन्ही लिहिली, पुढे आडनाव. एका व्यक्तीचं एवढं लांबलचक नाव बघून डेस्कवरचा माणूस कुरकुरणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून खाली कंसात सूचना टाकली: 'नाव पूर्ण छापावे, कृपया.' मग वार्ताहरकाकांना फोन लावला. "काका, प्रेसनोट टाकलीय. पहिला परिच्छेद तेवढा तोडू नका म्हणावं." काका म्हणाले, जागा असली तर बघतो.

"उद्या सकाळी परत फोन करते," ती म्हणाली, आणि फोटोखाली द्यायची नावं डावीकडून उजवीकडे लिहायला बसली.