लाभार्थी नव्हे, सभासद!

मागच्या ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, आम्ही चार-पाच कार्यकर्ते गोंदिया जिल्ह्यातल्या एका अपंगांच्या संस्थेच्या कार्यक्रमाला गेलो होतो. संस्थेचे नाव इथे लिहीत नाही. नाव लिहिले की भांडण त्या एका संस्थेपुरते उरते, आणि आम्हाला जे मांडायचे आहे ते तेवढ्यापुरते नाही.

आमच्यासोबत आमचा एक साथी होता. दोन्ही पायांना लहानपणी पोलिओ झालेला, तीनचाकी सायकलवर फिरणारा, चाळिशी गाठलेला. याच संस्थेच्या वसतिगृहात राहून तो दहावी झाला. त्याला 'मनोगत' मांडायला बोलावले होते. मनोगत म्हणजे आभार, हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असते. मंचाला चार पायऱ्या होत्या, उतार नव्हता. अपंग दिनाच्या मंचावर अपंग माणसाला दोघांनी बखोटीला धरून चढवले. त्याने माईक घेतला, आभार मानले आणि मग सरळ विचारले, "संस्थेच्या मंडळात आमच्यातला कोन आहे जी?"

मांडव गप्प झाला. अध्यक्ष मात्र हसले. म्हणाले, "अरे बाळा, असं काय विचारतोस? सारी संस्था तुमचीच तर आहे!"

चाळीस वर्षांच्या माणसाला बाळा. परतताना टपरीवर चहा घेताना तो म्हणाला, "दादा, संस्था माही आहे म्हनते. पन सही कोनाची चालते?"

हा लेख त्या एका प्रश्नातून निघाला आहे.

आम्ही धर्मादाय कार्यालयात अर्ज केला, फी भरली आणि संस्थेच्या शेड्युल वनचा उतारा मिळवला. मंडळावर सात नावे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार संस्था काढायला किमान सात माणसे लागतात, तेवढीच. अध्यक्ष, त्यांच्या पत्नी, मुलगा, मेहुणा, एक व्यापारी मित्र, एक निवृत्त अधिकारी. सातवे सदस्य वारून बरीच वर्षे झाली होती, पण कागदावर ते अजून मंडळाच्या सभेला हजर होते! विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल करावा, असे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम २२ सांगते. तो कुणी दाखल केला नव्हता आणि कुणी विचारलाही नव्हता. विचारणार कोण? सर्वसाधारण सभेत बसणारे सभासदही त्याच घरातले. ज्या मुलांसाठी संस्था आहे ती मुले 'लाभार्थी', त्यांचे आईबाप 'पालक', तिथे शिकून मोठे झालेले 'माजी विद्यार्थी'. सभासद त्यातला एकही नाही.

आता कुणी म्हणेल, ज्यांनी स्वतःचा पैसा आणि वेळ घातला, त्यांनी संस्था चालवली तर बिघडले कुठे? मित्रांनो, हा युक्तिवाद नवा नाही. आपल्या चळवळीने तो नव्वद वर्षांपूर्वी ऐकला आहे.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्यानंतर सहा दिवसांनी, ३० सप्टेंबरला, मुंबईत अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था उभी राहिली. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस ठक्कर बाप्पा. सुरुवातीला तिच्या मध्यवर्ती मंडळावर बाबासाहेबांसह अस्पृश्य समाजातली काही माणसे होती. गोलमेज परिषदेला जाताना, १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करांना लांबलचक पत्र लिहिले. मूठभर माणसांना सद्गुण शिकवत बसू नका, विहीर, शाळा, रोजगार अशा नागरी हक्कांसाठी लढा आणि कामाला माणसे घ्याल ती शक्यतो आमच्यातली घ्या, असा त्याचा मथितार्थ. संघाने तो मार्ग धरला नाही. पुढे संघाच्या मंडळावर अस्पृश्य उरला नाही. त्याबद्दल विचारायला गेलेल्या शिष्टमंडळाला गांधीजींकडून काय उत्तर मिळाले, ते बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. हे काम सवर्णांचे प्रायश्चित्त आहे आणि पैसाही त्यांचाच आहे, म्हणून मंडळही त्यांचेच असणार, असा तो पवित्रा होता.

म्हणजे प्रायश्चित्त तुमचे, पुण्य तुमचे, मंडळ तुमचे. आमचे काय? तर आमचे दुःख, ज्यावर ही सगळी उभारणी होते.

अपंगांच्या संस्थेचा कारभार पाहताना आम्हाला हरिजन सेवक संघ आठवतो तो यामुळे. इथे तर पैशाचा युक्तिवादही टिकत नाही. अनुदानित विशेष शाळेतल्या शिक्षकाचा पगार शासनाच्या तिजोरीतून होतो. निवासी मुलांच्या पोटापाण्याचे परिपोषण अनुदान तिथूनच येते. गोंदियाच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवणारी बाईही साबण-तेल घेताना कर भरते. तो पैसा अध्यक्षांच्या घरचा नाही. ज्याला 'दान' म्हणून शाल पांघरली जाते, त्याच्या खाली बहुतेक वेळा जनतेचाच पैसा असतो.

शब्दांचेही तसेच. १९३८ च्या जानेवारीत मुंबई कायदेमंडळात स्थानिक लोकल बोर्डांच्या विधेयकात अस्पृश्यांना 'हरिजन' म्हणण्याचा घाट घातला गेला. तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. आमचे नाव आम्हाला न विचारता का ठरवता, एवढाच सवाल होता. आज 'दिव्यांग' हा शब्द कायद्याच्या मराठी नावात आहे, २०२२ मध्ये राज्याने काढलेल्या स्वतंत्र विभागाच्या पाटीवर आहे. ज्यांना तो आवडतो त्यांनी जरूर वापरावा. आमचा साथी स्वतःला अपंग म्हणवतो, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरतो. देवत्व देऊन पायरी तशीच ठेवण्याची युक्ती आपल्या समाजाला चांगलीच ओळखीची आहे.

कायदा काय म्हणतो? २००७ मध्ये भारताने अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि त्याला धरून २०१६ चा हक्क कायदा आला. त्यातल्या कलम ६६ नुसार राज्य सल्लागार मंडळावर स्वयंसेवी संस्थांचे जे दहा प्रतिनिधी नेमायचे, ते शक्यतो अपंग असावेत, त्यांत किमान पाच स्त्रिया असाव्यात, अनुसूचित जाती आणि जमातीचा किमान एकेक असावा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीवर एक अपंग व्यक्ती असलीच पाहिजे, असे आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्याच २०१६ च्या कायद्यातली कलम ४९ ते ५३ वाचा, जी अपंगांच्या संस्थांच्या नोंदणीविषयी आहेत. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय संस्था चालवता येणार नाही, सोयी नसतील तर ते नाकारता येईल, रद्दही करता येईल, हे सगळे तिथे आहे. मंडळावर अपंग माणूस असावा, ही अट त्या कलमांत नाही. मुंबईच्या सल्लागार मंडळावर अपंग हवा, पण जिथे मूल झोपते-जेवते त्या संस्थेच्या मंडळावर नसला तरी चालेल!

टेबलावर कोण बसले यावरून ताटात काय पडते ते ठरते. आपल्या पूर्व विदर्भातले सिकलसेलचे उदाहरण घ्या. हा आजार इथे आपल्या बौद्ध वस्तीत आणि गोंड-हलबांच्या टोल्यांवर घरोघरी माहीत आहे. २०१६ च्या कायद्याने २१ अपंगत्वांच्या यादीत सिकलसेल घेतला, आपण टाळ्या वाजवल्या. पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाचे कलम ३४ उघडा. अंध आहेत, कर्णबधिर आहेत, अस्थिव्यंग आहेत, स्वमग्न आणि मनोरुग्ण आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांपैकी काहीही नाही. दुखण्याचा झटका आला की आठ-आठ दिवस खाटेवर तळमळणारी आपली पोरगी यादीत अपंग आहे, नोकरीत नाही. आणि आपल्या जिल्ह्यातल्या अपंगांच्या किती संस्थांच्या बैठकीत हा विषय निघत असेल?

मग उपाय काय? एक अपंग माणूस मंडळावर घ्यावा? आम्हीही आधी तसेच म्हणत होतो. आमच्या साथीनेच आम्हाला थांबवले. "अध्यक्षानं नेमलेला मानूस अध्यक्षाचाच रायते," तो म्हणाला.

हे आपल्या भागाला कुणी शिकवायला नको. १९५४ साली बाबासाहेब भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लढले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा १९९९ मध्ये झाला. भंडाऱ्यात राखीव जागा होती, म्हणजे निवडून येणारा माणूस आपल्यातलाच असणार होता. पण मते सगळ्यांची होती. आणि त्या राखीव जागेवर बाबासाहेब हरले. ज्यांनी घटना लिहिली ते हरले! आमच्या आजोबांच्या पिढीने ती हार डोळ्यांनी पाहिली. जागा आपल्या नावाची असणे वेगळे आणि तिच्यावरचा माणूस आपल्याला जबाबदार असणे वेगळे. स्वतंत्र मतदारसंघाची सारी लढाई याच फरकासाठी होती.

म्हणून मागणी नीट करू या. अपंगांच्या संस्थेत सेवा घेणारे प्रौढ अपंग, माजी विद्यार्थी आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे आईबाप यांना परवडेल अशा वर्गणीत सभासदत्व मिळाले पाहिजे. मंडळातल्या किमान निम्म्या जागा त्यांनी स्वतःच्या मतांनी भरल्या पाहिजेत. वार्षिक सभेची सूचना ब्रेलमध्ये, ध्वनिफितीत, सांकेतिक भाषेत, जशी लागेल तशी पोचली पाहिजे. लेखापरीक्षणाचा अहवाल त्या सभेत वाचला गेला पाहिजे.

यात सज्जन हितचिंतकांना हाकलण्याचा विषय नाही. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. उपाध्यक्षांतही आपल्या समाजाबाहेरची मोठी माणसे होती. पण व्यवस्थापक समितीचे अध्यक्ष बाबासाहेब आणि चिटणीस सीताराम शिवतरकर. मान बाहेरच्यांना, कारभार आपल्या हाती. शंभर वर्षांपूर्वीचा हा आराखडा आजही उचलून वापरता येईल.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण आमच्या साथीने आम्हाला सोडले नाही. त्या टपरीवरच त्याने दुसरा प्रश्न टाकला होता, तो आम्ही आतापर्यंत लपवून ठेवला. "आन् आपल्या विहाराच्या समितीत?"

आमच्या विहाराच्या समितीत अकरा जण आहेत. अपंग एकही नाही, स्त्रिया दोन, त्याही सहीपुरत्या. विहाराला पाच पायऱ्या आहेत. मागच्या जयंतीला आम्ही वर्गणी काढून प्रवेशद्वारावर कमान उभारली, रोषणाई केली. उतार बांधायला त्यातला चौथा हिस्साही लागला नसता. इतकी वर्षे हा माणूस वंदनेच्या वेळी खाली रस्त्यावर, सायकलवर बसून हात जोडतो, आणि आम्ही वरून त्याला हात करतो. "तू आपलाच आहे" असे आम्हीही त्याला कितीदा म्हटले आहे. अध्यक्षांच्या 'बाळा'त आणि आमच्या 'आपलाच'मध्ये फरक किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

लाज वाटली, म्हणून दुसऱ्या आठवड्यात समितीची बैठक घेतली. उताराचा ठराव पाच मिनिटांत झाला. मग आमच्यातल्या एकाने उत्साहाने सुचवले की साथीला आजच 'अपंग प्रतिनिधी' म्हणून समितीवर घेऊन टाकू. सगळ्यांनी माना डोलावल्या. तो पायरीखालीच बसून ऐकत होता. तिथूनच ओरडला, "मले नेमू नोका. निवडनूक लावा, मी उभा रायतो."

निवडणूक माघ पौर्णिमेनंतरच्या रविवारी ठेवली आहे. उतार त्याआधी बांधून झाला पाहिजे, कारण मतदान वर सभागृहात आहे. सिमेंटच्या पिशव्या आल्या आहेत, गिट्टी यायची आहे. ज्यांना श्रमदानाला यायचे आहे त्यांनी सकाळी आठला यावे. आणि येताना आपल्या गावातल्या अपंगांच्या संस्थेच्या शेड्युल वनचा उतारा काढून आणला, तर दुपारी बसून सगळे मिळून वाचू.

जय भीम!