थोडक्यांत गोडी

मनुष्य जात्याच वाढीचा भोक्ता आहे. एकमजली घर बांधलें कीं त्यावर माडी चढवावी, माडी झाली कीं गच्ची करावी, हा त्याचा स्वभाव. अशा जगांत कोणी मुद्दाम माडी उतरवून तिची झोंपडी करूं लागला, तर लोक त्यास वेड्यांत काढतील. संगणकी खेळांच्या दुनियेंत असे वेडे बरेच आहेत. आजचे डोळे दिपविणारे खेळ घ्यावयाचे, आणि कित्येक दशकांपूर्वींच्या दुबळ्या यंत्रास पेलतील, निदान शोभतील, अशा रूपांत ते पुन्हां घडवावयाचे, हा त्यांचा छंद. या छंदाविषयीं आम्हांस अलीकडे आदर वाटूं लागला आहे. तो कां, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

एड फ्राइज यांचेंच उदाहरण घ्या. हे गृहस्थ मायक्रोसॉफ्ट कंपनींत खेळ-विभागाचे उपाध्यक्ष होते. त्या कंपनीनें २००१ सालीं एक्सबॉक्स हें यंत्र बाजारांत आणलें, आणि ‘हेलो’ हा खेळ त्या यंत्राचें भूषण ठरला. पुढें ती नोकरी सोडल्यावर, २०१० सालीं, फ्राइज यांनीं तोच खेळ ‘हेलो २६००’ या नांवानें अटारी २६०० या यंत्रासाठीं लिहिला. हें यंत्र १९७७ सालचें. एक्सबॉक्सची स्मृति ६४ मेगाबाइट, अटारीची अवघी १२८ बाइट. म्हणजे पांच लाख पटींहून अधिक अंतर! आजच्या संगणकी लेखनांत देवनागरीचें एक चिन्ह सामान्यतः तीन बाइट जागा घेतें. तेव्हां १२८ बाइटांत जेमतेम ४२ चिन्हें मावतील. वाचक आतां वाचीत आहेत तें वाक्यहि त्यांत बसणार नाहीं. खेळाचा सारा प्रोग्रॅम ४ किलोबाइटांच्या कॅसेटींत बसवावयाचा, ही आणखी एक अट.

स्मृतीच्या या दारिद्र्यामुळें अटारीस संपूर्ण चित्र साठवून ठेवतां येत नाहीं. जुन्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावर किरण एकामागून एक ओळी रेखीत जाई. ओळ उमटत असतांनाच तींत काय असावें, हें प्रोग्रॅमनें यंत्रास सांगावयाचें. एका ओळीस यंत्राचे ७६ ठोके मिळतात, आणि किरण कोणासाठींहि थांबत नाहीं. महाभारताच्या लेखनसमयीं गणपतीनें व्यासांस घातलेली अट वाचकांस आठवत असेलच: लेखणी थांबतां कामा नये. व्यासांनीं मधून मधून कूट श्लोक घालून विचारास सवड काढली; अटारीसाठीं लिहिणाराहि किरण पडद्याच्या तळाहून पुन्हां माथ्याशीं पोंचेपर्यंतच्या क्षणांत आपला विचार उरकून घेतो.

अशा अडचणींतून खेळ न्यावयाचा म्हटल्यावर मूळांतील खोल अवकाश, समुद्रकिनारे, पाण्यावरचें ऊन, सर्व गेलें. उरलें काय? हिरव्या चिलखताचा एक शिपाई, त्याची बंदूक, शत्रु, आणि एकामागून एक ओलांडावयाचीं ६४ दृश्यें. तरीहि ज्यानें मूळ खेळ पाहिला आहे, तो यास पाहतांच ओळखतो. २०१३ सालीं स्मिथ्सोनियन अमेरिकन कला-संग्रहालयानें हा खेळ आपल्या कायमच्या संग्रहांत घेतला.

दुसरा एक पंथ यापेक्षां सौम्य आहे. तो जुन्या यंत्राचें बंधन पाळीत नाहीं. केवळ त्याचा वेष घेतो. ‘ब्लडबोर्न’ हा जपानी खेळ २०१५ सालचा. लिलिथ वॉल्थर यांनीं २०२२ सालीं त्याचें जें नवें रूप काढलें, तें चालतें आजच्या संगणकावर, पण दिसतें १९९४ च्या प्लेस्टेशनवरील खेळासारखें. त्या यंत्रास सूक्ष्म हिशेब झेपत नसे. म्हणून भिंतींवरील नक्षी वांकडी होई आणि आकृतींचे कोपरे थरथरत. तें वांकडेपण व ती थरथर येथें मोठ्या निगुतीनें, मुद्दाम आणली आहे. एका काळचा नाइलाज दुसऱ्या काळीं अलंकार झाला!

येथें कोणी म्हणेल, हा सारा बालपणाचा मोह आहे, दुसरें कांहीं नाहीं. या आक्षेपांत मुळींच तथ्य नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडील शहरांतून दूरचित्रवाणीस जोडावयाचीं स्वस्त खेळयंत्रें आलीं. एका जपानी यंत्राच्या त्या नकला. आमच्याहि बालपणाच्या कित्येक दुपारी त्यांतल्याच एका यंत्रापुढें, कॅसेटींत फुंकर मारण्यांत गेल्या. परवां आमच्या पुतण्यास तो जुना खेळ दाखविला, तेव्हां तो म्हणाला, “काका, हे तर नुसते चौकोन आहेत. यांत घाबरण्यासारखें काय होतें?” प्रश्न रास्त होता. भीति चौकोनांत नव्हतीच. ती आमच्या पदरची होती. यंत्र अर्धें बोले, उरलेलें अर्धें आम्ही पुरें करीत असूं. ही आठवण गोड आहे खरी; पण आमचा आदर आहे तो या गोडीस नव्हे, निवडीस.

निवड म्हणजे काय, हें आम्हांस प्रथम आमच्या आईनें शिकविलें. आमचा वाडा पाडावयाचा ठरला, तेव्हां नऊ खोल्यांचा संसार दोन खोल्यांत आणणें भाग पडलें. कपाटें गेलीं, पलंग गेला, बंब गेला. आईनें देव घेतले, मिसळणाचा डबा घेतला, आणि ओसरीवरचा लांकडी बाक घेतला. “एवढ्याशा जागेंत बाक कशाला?” म्हणून सर्वांनीं वाद घातला, ती बधली नाहीं. पहिल्याच संध्याकाळीं जुने शेजारी आले, न विचारतां त्या बाकावर टेकले, आणि त्या परक्या भिंतींच्या आंत आम्हांस प्रथमच घरीं असल्यासारखें वाटलें. नऊ खोल्यांत आमचें घर नेमकें कोठें होतें, हें दोन खोल्यांत आल्यावर कळलें.

फ्राइज यांच्या ४ किलोबाइटांचें मोल आम्ही याच मापानें करतों. विपुलतेंत सुचेल तें ठेवतां येतें, म्हणून कशाचा जीव कोठें आहे, हें पाहण्याचें कोणास कारण पडत नाहीं. ज्याच्यापाशीं जागा मुबलक आहे, त्यानेंहि अधूनमधून आपला आवडता पसारा लहान पेटींत भरून पाहावा. पेटींत जें मावत नाहीं तें सर्वच टाकाऊ असतें असें नव्हे; पाण्यावरच्या उन्हाची हानि ही हानिच. पण प्रथम काय उचललें जातें, यावरून उचलणाऱ्याची पारख होते.