हत्यारांची भिंत

ह्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा पहिली काळजी चालण्याची, आणि दुसरी त्या मागच्या खोलीची. रंधे, पटाश्या, करवती, सगळं उजव्या हाताच्या सोयीनं ठोकलेलं. आता काम डाव्या हातानं करायचं, तेही बसून.

एकेका हत्याराचं कायमचं कपाट आम्ही मुद्दाम टाळलं. सहा महिन्यांनी हात कसा असेल, कुणाला ठाऊक? मुलीनं फ्रेंच क्लीट सुचवलं. 18 मिमी प्लायची पट्टी लांबीत 45 अंशांत तिरकी चिरायची. एक अर्धी भिंतीला स्क्रूनं पक्की, तिरकी कड वर आणि उतार भिंतीकडे. दुसरी उलटी करून हत्याराच्या खणाच्या पाठीला. खण वरून अडकवला की वजनानंच भिंतीला घट्ट बसतो, उचलला की निघतो. जागा बदलायला नवी भोकं नाहीत.

गुण्या, पेन्सिल, छोटा रंधा खुर्चीवरून हात पोचेल तिथे. पटाश्यांची धार झाकलेली, कारण डाव्या हाताला अजून अंदाज नाही. जड रंधे मात्र भिंतीवर नकोतच, असं माझं मत, ते टेबलाखाली. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत मोकळीच सोडली, नाहीतर पात्यांना गंज.

खण निघतात, त्यामुळे मागे कोळी, कुंभारीण घर करण्याआधीच मऊ कुंच्यानं झाडता येतं. जयणा पाळणारीला हे फार सोयीचं.

गेल्या आठवड्यात ह्यांनी पटाशीचा खण स्वतः उचलून एक पट्टी वर नेला. उजव्या हातानं.