नावापुढे डॉक्टर लागलं, त्यानंतरची गोष्ट

(पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणी मानसशास्त्र घेऊन शिकत असेल, किंवा मनाच्या त्रासासाठी नेमकं कुणाकडे जावं हा प्रश्न कधी पडला असेल, तर शेवटपर्यंत वाचा.)

२०२३ साली माझी पीएचडी झाली आणि गावच्या चौकात माझा फ्लेक्स लागला. 'आपल्या गावची पहिली महिला डॉक्टर'. खाली सरपंचांपासून सगळ्या शुभेच्छुकांचे फोटो. आमच्याकडे पोलिओच्या डोसाला येणाऱ्या नर्सताईंनी मला थांबवून विचारलं, "कोणतं हॉस्पिटल जॉइन केलं?" म्हटलं, "अहो, माझी मानसशास्त्रात पीएचडी आहे." तर त्या म्हणाल्या, "म्हणजे डोक्याच्या डॉक्टर!" मी हसले आणि पुढे गेले. तिथेच थांबून नीट सांगायला हवं होतं, हे कळायला मला सहा महिने लागले.

मी बीड जिल्ह्यातली. आईवडील दोघंही ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची आणि मी आजीजवळ मागे राहायचे. एम.ए.ला मानसशास्त्र घेतलं. दुसऱ्या वर्षी स्पेशलायझेशन निवडायचं असतं. क्लिनिकल, समुपदेशन, औद्योगिक, बालविकास अशी नावं पुस्तकात होती. आमच्या कॉलेजात एकच होतं, जे शिकवायला सर उपलब्ध होते ते. औद्योगिक.

सेट पास झाले, मग पीएचडीची पेट दिली, मग गाइड शोधणं सुरू झालं. बाहेरच्या लोकांना हा प्रकार माहीत नसतो. एका प्रोफेसरकडे एकावेळी आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंटकडे चारच विद्यार्थी असू शकतात. म्हणजे परीक्षा पास होऊनही जागा रिकामी व्हायची वाट बघायची. दीड वर्षाने एक सर तयार झाले. मला ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या ताणावर काम करायचं होतं. सर औद्योगिकवाले. म्हणाले, "कामगारच आहेत ना त्या? मग बसतंय आपल्यात."

तीनशे बायकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. प्रश्नावली मूळ इंग्रजी, तिचं मराठी भाषांतर कुणीतरी पूर्वी केलेलं. 'गेल्या दोन आठवड्यांत आपणांस उदास वाटले काय?' कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. कारखान्यावरच्या खोप्यांपुढे बसून मी विचारायचे आणि बायका माझ्या तोंडाकडे बघायच्या. 'उदास' हा शब्द तिथे कुणी वापरतच नाही. 'जीव लागत नाही' म्हणतात, 'काळजात धडधड होतीय' म्हणतात, 'डोकं धरलंय' म्हणतात. एक जण मोळी बांधता बांधता म्हणाली, "ताई, उचल फिटल्यावर इचारा." या उत्तराला कोणत्या चौकटीत टिक करायची, हे मला कुठल्या कोर्सवर्कमध्ये शिकवलं नव्हतं. मी वहीच्या कडेला लिहून ठेवलं. अशी कडेला लिहिलेली पानं प्रबंधापेक्षा जास्त भरली असतील.

२०२० मध्ये लॉकडाउन लागला, मजूर कारखान्यांवरच अडकले आणि माझं काम बंद पडलं. त्या काळात मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे काय, ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच माहीत. तास झाला तर पैसे. सुट्टी, परीक्षा, लॉकडाउन यांचे शून्य. तेही मार्चनंतर कधीतरी एकदम. त्याच दिवसांत फोन यायचे, "मॅडम, पेपर छापायचाय का? आठ दिवसांत सर्टिफिकेटसह देतो. प्रबंधाचंही बघू." माझ्या नोंदणीच्या वेळी प्रबंध देण्याआधी संशोधनपत्रिकेत एक लेख छापून येणं सक्तीचं होतं, त्यामुळे या लोकांचा धंदा जोरात होता. (२०२२ च्या नव्या नियमांनी ती सक्ती काढली.) मी पैसे दिले नाहीत, यात फार मोठेपणा नाही. माझ्याकडे नव्हतेच.

व्हायवा झाली, नाव जाहीर झालं, आईने पेढे वाटले. त्याच वर्षी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, पीएचडी करून ही पोरं काय दिवे लावणार, अशा अर्थाचं वक्तव्य झालं. तेव्हा बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपचा विषय तापलेला होता. माझ्या सगळ्या ग्रुपवर संताप होता. मीही लांबलचक पोस्ट लिहिली, भरपूर लाइक मिळाले. पण खरं सांगते, तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण तोपर्यंत मी एका खोलीत बसायला लागले होते.

झालं असं, की फ्लेक्स बघून तालुक्यातला एक मेडिकलवाला ओळख काढून आला. म्हणाला, "दुकानामागची खोली रिकामीच आहे. रविवारी बसा. बोर्ड मी करून देतो. पाचशे फी ठेवू, लोक रांग लावतील." मी म्हटलं, मी औषध देऊ शकत नाही. तो म्हणाला, "औषध माझ्याकडं आहे की. तुम्ही नुसतं बोला." घरी हप्ते होते, कॉलेजचे पैसे आले नव्हते. मी स्वतःला समजावलं की समुपदेशन तर करू शकतो आपण. बोर्डावर त्याने लिहिलं, 'डॉ.', पुढे माझं नाव, खाली 'मानसिक आजार तज्ज्ञ'. मी तो शब्द बदलायला सांगितला. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात बदलू. पुढचा आठवडा आला आणि मी काही बोलले नाही. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहायलाच हवं.

दोन रविवार बरे गेले. झोप न येणाऱ्या बायका, अभ्यासात लक्ष नसलेली मुलं. मी ऐकून घेतलं. नुसतं ऐकून घेतल्यानेही माणसं हलकी होतात, हे खोटं नाही. तिसऱ्या रविवारी एक बाई तिच्या मुलाला घेऊन आली. वय एकोणीस, पोलीस भरतीची तयारी करणारा. "मॅडम, ह्याला काय झालंय ते बघा की. जेवत नाही, बोलत नाही." आईला बाहेर बसवलं आणि त्याला सरळ विचारलं, जगावंसं वाटत नाही असं होतं का? तो म्हणाला, "व्हतं. रोज."

आणि मी कोरी झाले.

प्रश्न विचारायचा असतो, एवढं पुस्तकातून माहीत होतं. उत्तर 'हो' आलं तर पुढे नेमकं काय करायचं, या मुलाला घरी पाठवायचं की नाही, हे ठरवण्याचा सराव मी आयुष्यात एकदाही केला नव्हता. पाच-सहा वर्षांच्या पीएचडीत माझे आकडे तपासायला लोक होते, संदर्भसूचीतला स्वल्पविराम तपासायला लोक होते. पण मी त्रासात असलेल्या माणसाशी बोलतेय आणि कुणी अनुभवी माणूस शेजारी बसून माझं चुकतंय का ते बघतोय, असा एक तासही त्यात नव्हता.

एम.ए.ची एक मैत्रीण राज्याबाहेर जाऊन क्लिनिकलचं एम.फिल. करून आली होती. तिला फोन लावला. ती म्हणाली, "त्याला एकटं सोडू नकोस. आईला स्पष्ट सांग. आजच जिल्हा रुग्णालयात ने, उद्यावर टाकू नकोस." जीप केली, पन्नास किलोमीटर गेलो. रविवार असल्याने ओपीडी बंद, पण इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी ठेवून घेतलं आणि सोमवारी सकाळी मनोविकारतज्ज्ञांनी बघितलं. औषधं सुरू झाली. आता तो बरा आहे, भेटला की हात करतो. त्या सोमवारी संध्याकाळी मी जाऊन बोर्ड काढला. मेडिकलवाला अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आता मुद्द्याचं बोलते.

आपल्या देशात मानसशास्त्रातली पहिली डॉक्टरेट १९२१ साली कलकत्ता विद्यापीठाने गिरींद्रशेखर बोस यांना दिली. ते मुळात वैद्यकीय डॉक्टर. पेशंट बघता बघता त्यांनी दमन या संकल्पनेवर प्रबंध लिहिला. म्हणजे उपचार आणि संशोधन एकाच माणसात होतं. अमेरिकेत १९४९ साली बोल्डर गावी परिषद झाली आणि तिथे क्लिनिकल मानसशास्त्राच्या पीएचडीसाठी हेच तत्त्व मान्य झालं. तिथे या शाखेचा विद्यार्थी संशोधनही करतो आणि देखरेखीखाली पेशंटही बघतो, वर्षभराची इंटर्नशिप केल्याशिवाय पदवी पुरी होत नाही.

आपल्याकडे या दोन वाटा वेगळ्या झाल्या. विद्यापीठाची पीएचडी ही संशोधनाची पदवी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली व्याख्याही दोन वर्षांचं पूर्णवेळ, देखरेखीखालचं प्रशिक्षण मागते. प्रबंधाचा विषय 'क्लिनिकल' असला तरी नुसत्या पीएचडीने हे होत नाही. दोन्हींच्या नावापुढे मात्र एकच 'डॉ.' लागतं, आणि ज्याला गरज आहे त्याला यातला फरक कुणी सांगितलेला नसतो.

त्यात गोंधळ वाढलाय. २०२२ च्या नियमांनी युजीसीने एम.फिल. बंद केलं. नंतर क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल.ना २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. कित्येक विद्यार्थी मला विचारतात, मॅडम, आता पुढे काय? आधीच या जागा मूठभर, त्याही बहुतेक मोठ्या शहरांत. बीड, परभणी, हिंगोलीच्या पोरीने कुठे जायचं आणि तिथलं भाडं कुणी भरायचं?

आणि गरज किती आहे? निम्हान्सने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. वेगवेगळ्या आजारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. ते बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांवर एवढं बोलणाऱ्या आपल्या राज्याचा आकडा त्यात नाही. असे आकडे गोळा करणं हे संशोधनाचंच काम आहे ना? 'उदास' शब्द जिथे कुणी वापरत नाही, तिथल्या बायकांच्या शब्दांत प्रश्नावली बनवणं हे पीएचडीवाल्यांनी नाही करायचं तर कुणी?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पीएचडी फालतू नाही. फेलोशिप वेळेवर द्या, पूर्ण द्या. पण विद्यापीठांनीही पोरांना पहिल्याच दिवशी सांगावं की ही पदवी कशासाठी आहे आणि कशासाठी नाही. एम.ए.ला क्लिनिकल किंवा समुपदेशन शिकवायचं तर देखरेखीखालचे तास ठेवा, ते जमत नसेल तर ते नाव देऊ नका. प्रत्येक महसुली विभागात सरकारी रुग्णालयाला जोडून प्रशिक्षणाच्या जागा काढा, स्टायपेंडसह.

आणि तुमच्यासाठी. मनाच्या त्रासासाठी कुणाकडे गेलात तर विचारा, शिक्षण काय, नोंदणी कुठली? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा नंबर असतो, मनोविकारतज्ज्ञ असेल तर वैद्यकीय नोंदणी असते. विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्यापासून लांब राहा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करा. रात्री-अपरात्री कुणी लागलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

मी सध्या ती वहीच्या कडेची पानं उतरवून काढतेय. ऊसतोडीच्या बायका ताणाला काय काय म्हणतात, याची यादी. त्यातून त्यांच्या भाषेतली प्रश्नावली करायचा विचार आहे. या कामासाठी कुठली फेलोशिप नाही आणि प्रमोशनही नाही, कारण प्रमोशन व्हायला आधी नोकरी लागते.

चौकातला फ्लेक्स पावसात फाटला. नर्सताई मध्यंतरी पुन्हा भेटल्या. या वेळी थांबले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आमच्या आशाताईंना हे एकदा सांगायला या की. लोक आधी त्यांनाच विचारतात."

येत्या गुरुवारी जातेय.