पुसलेले नुक्ते

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. शब-ए-बरातच्या आदल्या दिवशी मी कबरस्तानात अब्बांच्या कबरीवरचा संगमरवरी कतबा साफ करायला गेलो. पावसाळे खाऊन दगड काळवंडला होता. घरून फरशी धुण्याच्या ॲसिडची बाटली नेली होती. ओतताच दगड फसफसला, पांढरा फेस ओघळू लागला. मला वाटलं, मळ निघतोय. मी आणखी ओतलं.

वाळल्यावर हात फिरवला. चकाकी गेली होती, बोटांना खरखर लागत होती. वर उर्दूत आणि खाली मराठीत अब्बांचं नाव कोरलेलं. अक्षरं शाबूत होती, पण उथळ कोरलेले नुक्ते जवळजवळ पुसले गेले होते, मराठीतला अनुस्वारही. उर्दूत बे, पे, ते यांचं रूप एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. वर्गात हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय.

पुढे जुलैत विज्ञानाचे सर रजेवर गेले आणि आठवीचा तास माझ्याकडे आला. मी संगमरवराच्या चुऱ्यावर लिंबू पिळून दाखवलं. बारीक बुडबुडे आले. एका मुलानं विचारलं, "सर, घाण निघतेय का?"

मी क्षणभर गप्प झालो. मग समजावलं. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. फरशीच्या ॲसिडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. दोन्ही भेटले की कॅल्शियम क्लोराइड तयार होतं आणि पाण्यात विरघळून वाहून जातं. बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. म्हणजे निघतो तो मळ नव्हे, दगडच. शहाबादी फरशी आणि कडप्पा हेही चुनखडकच. आपला काळा पाषाण मात्र असा फसफसत नाही.

ताजमहालाचा संगमरवरही आम्लापासून वाचवावा लागतो. धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्यात मिसळून आम्ल होतो. म्हणूनच 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या परिसरातल्या कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांना गॅस वापरा किंवा स्थलांतर करा, असा आदेश दिला. तिथे दोष धुराचा होता. अब्बांच्या कतब्यावर मात्र माझाच हात चालला होता.

अम्मीला हे सांगायला मला वर्ष लागलं. ती काहीच बोलली नाही, फक्त नवा कतबा करू नको म्हणाली.

आता मी साधं पाणी आणि मऊ ब्रश नेतो. दरवर्षी कुणीतरी ॲसिडची बाटली घेऊन येतोच. मी त्याला आधी अब्बांचा कतबा दाखवतो.