डावी बाजू

या मे महिन्यात मी गुहागरला गेलो, तो समुद्र पाहण्यासाठी नव्हे. जाताना खिशात एक तिकीट होते आणि परतीची दोन. दुसरे तिकीट आत्याचे.

झाले होते असे, की तिच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला. "आत्यांकडे दुपारची चूल पेटत नाही. काहीतरी चिवडतात नि पडून राहतात. चैत्रात एकदा विहिरीपाशी चक्कर येऊन खालीच बसल्या होत्या. तुम्हांला सांगू नका म्हणाल्या, पण मला राहवेना."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची एकटी बाई, आणि दुपारी स्वयंपाक करीत नाही! आमच्या ठाण्याच्या घरी लगेच कुटुंबसभा भरली आणि ठराव एकमताने संमत झाला. कॉलेजला सुट्टी असल्याने अंमलबजावणी माझ्याकडे आली. मराठी शिकवणाऱ्या माणसाला सुट्टीत काही काम नसते, असा आमच्याकडे सर्वांचा समज आहे.

कोकण रेल्वे १९९८ साली पुरती सुरू झाली, त्याआधी हा प्रवास रात्रभर एस. टी.त अवघडून करावा लागे. आता ठाण्याला गाडीत बसावे आणि डबा संपवून डुलकी काढीपर्यंत चिपळूण यावे. पुढचे सुमारे ४५ किलोमीटर मात्र अजून एस. टी.चेच. चढ, उतार, तापलेला जांभा, आणि मग एकदम सावली लागते. गुहागर आले, हे त्या सावलीवरून कळते. गावातून एक लांबलचक रस्ता, दोन्ही अंगांना घरे, आणि पश्चिमेकडच्या घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या थेट समुद्रापर्यंत. रस्त्यावरून समुद्र दिसत नाही, ऐकू येतो.

आत्या पडवीत विळी घेऊन बसली होती. वाळली होती खरी. पण नारळ खोवणारा हात थांबत नव्हता.

"आलास? पाय धू. पोहे दडपायचेत."

मी मनात म्हटले, हेच ते चिवडणे. पण भूक लागली होती, म्हणून पाहत राहिलो. चार मुठी पातळ पोहे तिने परातीत घेतले. त्यांवर नारळाचे पाणी शिंपडले. भिजवले नाही, नुसते दमट केले. मग ओल्या नारळाचा चव, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबू. वरून मोहरी, हिंग, हळद आणि मूठभर शेंगदाणे यांची फोडणी. सगळे हलक्या हाताने कालवून पातेल्यात भरले, वर ताटली झाकली आणि ताटलीवर वरवंटा ठेवला.

"पंधरा मिनिटं. तोवर अंघोळ कर."

विस्तवाचे काम काय ते फोडणीपुरते, तेही गॅसच्या शेगडीवर. मी अंघोळ करून आलो तो पोहे मऊ झाले होते, दाणे कुरकुरीत राहिले होते, आणि वर तिने पोह्याचा पापड चुरला होता. मी तीनदा वाढून घेतले. ठरावाबद्दल बोलण्याची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकडी. ती किसायची नाही, चोचवायची. तळहातावर काकडी धरून सुरीने तिला उभे-आडवे घाव घालीत बारीक तुकडे पाडायचे. हलक्या हाताने पिळून निघालेले पाणी आत्याने कढीसाठी ठेवले. मग दाण्याचे कूट, ओले खोबरे, लिंबू, साखर, आणि तुपातल्या जिऱ्या-मिरचीची फोडणी. मीठ अगदी पानावर बसताना. आधी घातले तर काकडीला पाणी सुटते आणि खमंग काकडीची आमटी होते. सोबत सकाळी चहाच्या वेळीच थापून ठेवलेली भाकरी. तिसऱ्या दिवशी कैरीची डाळ. सकाळी भिजत घातलेली हरभऱ्याची डाळ दुपारी भरड वाटायची, तीत किसलेली कैरी, खोबरे आणि वर फोडणी.

त्या तिसऱ्या दुपारी मी धीर केला. "आत्या, हे सगळं चांगलं आहे. पण हे पानाच्या डाव्या बाजूचं झालं. जेवण कुठं आहे?"

आपल्याकडे पान वाढण्याची रीत तुम्हांला ठाऊक आहेच. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये वरण-भात. डावीकडचे बोटभर घ्यायचे, तोंडी लावायचे. त्याला कोणी जेवण म्हणत नाही.

आत्या हसली नाही. म्हणाली, "अरे, या घरात चौदा माणसं जेवायची. चाळीस वर्षं माझी दुपार चुलीपाशी गेली. सगळ्यांची पानं उठेपर्यंत तीन वाजायचे, आणि मग माझ्या वाट्याला उरायची ती डावी बाजूच. मला ती आवडायला लागली. आता तुझे आतोबा नाहीत, मुलं आपापल्या गावी. आता दुपार माझी आहे. मी वाचते, वाडीत पाणी फिरवते, निजते. चूल पेटत नाही म्हणून माझी दया करायला आलायस?"

मला उत्तर सुचेना. मी तिच्यासाठी आणलेले तिकीट तिला अजून दाखवलेही नव्हते. पण तिने ते ओळखले होते.

"आणि चक्कर?" मी विचारले.

ती जरा गप्प झाली. "त्या दिवशी चुकलंच. उकडत होतं, कंटाळा आला, नुसती काकडी खाल्ली. काकडी म्हणजे पाणी. तिच्यात दाण्याचं कूट असतं, दही असतं, मोड आलेले मूग असतात, म्हणून ते जेवण होतं. नुसती हिरवळ गुरांना पुरते, माणसाला नाही."

आमच्या ठाण्याच्या घरी प्लॅस्टिकच्या डबीतून महागडा पाला येतो आणि त्याला सॅलड म्हणतात. तो खाऊन तासाभरात मुलगी बिस्किटे का शोधते, याचा उलगडा मला त्या पडवीत झाला. शेजारच्या कर्नाटकात ही गोष्ट केव्हाच मुरलेली आहे. तिथल्या कोसंबरीत काकडीबरोबर भिजवलेली मुगाची डाळ असतेच, आणि रामनवमीला ती प्रसाद म्हणून वाटतात. आपल्या कोशिंबिरीची ती सख्खी बहीण, हे नावावरूनच कळते.

शेवटी आमचा तह झाला. आत्याच्या अटी: ती गुहागरातच राहील आणि चुलीबद्दल कोणी बोलणार नाही. माझ्या अटी: चक्कर लपवायची नाही, तालुक्याच्या डॉक्टरांकडे एकदा जायचे, कूट, दही किंवा मूग यांवाचून कोशिंबीर करायची नाही, आणि दुपारी बाराला फोन उचलायचा. डॉक्टरांकडे आम्ही दुसऱ्याच दिवशी जाऊन आलो. पावसाळ्यात वीज जाते, वाट निसरडी होते. म्हणून आषाढ-श्रावण तिने ठाण्याला काढावा, हे कलम फार घासाघीस होऊन मंजूर झाले. ते तिने पाळलेही. गणपतीला मात्र परत गेली.

मे महिन्यातले ते दुसरे तिकीट मी रद्द केले. घरी आल्यावर सर्वांनी विचारले, "आत्या कुठं आहे?" मी उत्तर न देता पातळ पोहे आणि नारळ काढला. वरवंटा आमच्याकडे नव्हता. शब्दकोशाचा एक खंड ताटलीवर ठेवला. पोहे बरे दडपले गेले. एवढा उपयोग त्या खंडाचा पूर्वी झाला नव्हता, असे पत्नीचे मत पडले.

आता रोज बाराला फोन करतो. "आज काय?" असे मी विचारायच्या आधीच पलीकडून आवाज येतो, "तू काय केलंस ते सांग आधी. कूट घातलंस ना?"