न मोजलेला हात

पहिली पाळी सुरू होण्याच्या सुमारास कारेगावच्या रस्त्यावर उभे राहावे, म्हणजे कारखान्यांच्या बसगाड्यांची रांग दृष्टीस पडते. ती ओसरते न ओसरते तोच पाठीवर दप्तरे घेतलेली मुले रस्त्यावर येतात. बसमधून गेलेल्या माणसांचीच ही मुले. कोणी मराठवाड्यातून आलेला, कोणी विदर्भातून, कोणी थेट बिहारमधून. शेजारी रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि बाजरी-ज्वारीच्या या गावात भाड्याच्या खोल्यांच्या रांगाच रांगा उठल्या. मीही अशाच एका खोलीत राहणारा, नगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातून, पोटापाण्यासाठी आलेला माणूस.

माझ्या बालपणी आमच्या खेड्यात पावसाने शाळेची एक भिंत पडली होती. फादरांनी रविवारच्या मिस्सानंतर सर्वांना थांबवून घेतले. कोणी दगड देऊ केला, कोणी बैलगाडी. माझ्या वडिलांकडे यांतले काहीच नव्हते. त्यांनी आठ दिवसांचे श्रम दिले आणि आईने पायलीभर बाजरी. पुढे भिंत उभी राहिल्यावर देणाऱ्यांची यादी वाचण्यात आली. तीत वडिलांचेही नाव होते. गरीब माणसाला आपले नाव चारचौघांत ऐकण्याचे प्रसंग आयुष्यात थोडेच येतात. त्या दिवशी घरी परतताना ते नेहमीपेक्षा ताठ चालत होते, हे मला आजही स्मरते.

मला मात्र त्या यादीचा अर्थ समजण्यास बराच काळ लागला.

कारेगावात येण्यापूर्वी मी याच औद्योगिक पट्ट्यातील दुसऱ्या एका गावात राहत असे. थोरली मुलगी तेथील शाळेत चौथीत होती. भाडेकरू वाढले तशी मुलांची संख्या वाढली. खोल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. मुलींसाठी स्वच्छतागृह एकच, आणि तेही बहुधा बंद. आमची मुलगी सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता शाळेत जाते आणि घरी आल्यावर तांब्याभर पाणी एका दमात पिते, ही गोष्ट तिच्या आईने मला सांगितली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना.

त्या वर्षी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय निघाला. हाती असलेल्या निधीतून आधी गल्लीचा रस्ता करावा, की शाळेच्या दोन खोल्या आणि मुलींचे स्वच्छतागृह बांधावे? हात वर करण्यास सांगण्यात आले. मीही केला. ग्रामसेवकांनी विचारले, “दादा, यादीत नाव आहे का?”

“नाव गावाकडं आहे, साहेब.”

“मग हात खाली घ्या.”

त्यांच्या स्वरात उद्दामपणा नव्हता. ग्रामसभा म्हणजे त्या गावच्या मतदारयादीत नाव असलेल्यांची सभा. नियमच तसा आहे. थोड्याच हातांच्या फरकाने रस्ता आधी करण्याचे ठरले. माझ्यासारखे वीस-बावीस भाडेकरू बाप त्या वेळी दाराशी उभे होते. आमची मुले शाळेत मोजली जात होती. आमचे हात मोजले गेले नाहीत.

घरी येऊन मी गावाला बोल लावू लागलो. पत्नीने शांतपणे विचारले, “इथं राहून दहा वर्षं झाली. नाव का नाही बदलून घेतलं?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. वीस गुंठे जमीन गावाकडे आहे, भावकी आहे, निवडणुकीला जाणे-येणे होते, अशी कारणे मी मनाशी जुळवीत राहिलो. खरे कारण एकच होते. ज्या गावाने मला भाकरी दिली, त्याला मी कधी आपले मानलेच नव्हते.

माझा भाचा कॅलिफोर्नियात संगणकाच्या नोकरीत आहे. त्याला हा प्रसंग सांगितला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “मामा, माझीही तीच गत आहे.” तेथे शाळेची इमारत दुरुस्त करावयाची असेल, तर शाळा-मंडळ कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर ठेवते. हे कर्ज पुढे घरपट्टीसारख्या मालमत्ता-करातून फेडले जाते. पूर्वी अशा प्रस्तावास दोन-तृतीयांश मते लागत. सन २००० मध्ये लोकांनीच मतदान करून ती अट काही बंधनांसह ५५ टक्क्यांवर आणली. कोणती कामे होणार त्याची यादी आधी द्यावी लागते आणि खर्चावर देखरेख ठेवण्यास नागरिकांची समिती असते. भाच्याने घर घेतले आहे, कर तो भरतो, मुले त्याच शाळेत शिकतात. परंतु तो त्या देशाचा नागरिक नसल्याने त्याला मत नाही. तो म्हणाला, “माझा इलाज माझ्या हाती नाही. तुमचा तर आहे.” हे वाक्य मनात रुतून बसले.

आपल्याकडे शाळेसाठी अशी मतपत्रिका नाही. दारूचे दुकान बंद करण्यासाठी मात्र आहे. उभी बाटली की आडवी, या चिन्हांवर शिक्के मारून महाराष्ट्रातील स्त्रियांनी अनेक गावांत दुकानांना कुलपे लावली आहेत. शाळेचा निर्णय हात वर करून होतो. म्हणून तो कमी मोलाचा ठरत नाही; परंतु त्यासाठी सभेत असावे लागते आणि यादीतही.

शाळेसाठी पैसा लोकांचाच असतो, ही गोष्ट महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितली होती. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टांतून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. आजचा भाडेकरू घरपट्टीची पावती फाडीत नाही, पण खोलीच्या भाड्यातून ती भरतोच. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात आणि त्यांतून शाळांना मदतही मिळते. ती स्वागतार्हच आहे. पण देणगी मागताना हात पसरावा लागतो, निर्णय घेताना तो उंचावता येतो.

गावाने मनावर घेतले तर काय घडते, हे पाहण्यास दूर जावयास नको. आमच्याच शिरूर तालुक्यात, याच महामार्गाने पुण्याकडे जाताना लागणाऱ्या शिक्रापूरजवळ, वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा आहे. तेथील ग्रामस्थांनी शाळेला आपली जमीन दिली, लोकवर्गणी आणि कंपन्यांचे साहाय्य मिळवले, आणि काचेच्या भिंतींचे वर्ग उभे राहिले.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे नोकरीपायी गाव सोडून अशाच ठिकाणी राहत आहेत. म्हणून पुढील दोन-तीन गोष्टी आवर्जून सांगतो. मतदारयादीत नाव येण्यास स्वतःचे घर असावे लागत नाही; तेथे सामान्यतः वास्तव्य असावे लागते. किंबहुना, केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी त्या गावचा रहिवासी ठरत नाही, असे १९५० चा कायदा सांगतो. जुन्या ठिकाणचे नाव नव्या ठिकाणी नेण्यास नमुना क्रमांक ८ भरावा लागतो. आणि नाव येईपर्यंतही एक दार उघडे असते. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. तेथे मूल शाळेत असणे हीच पालकाची ओळख. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. ग्रामसभेची गणपूर्ती तर १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. हजारोंच्या गावात शंभर माणसे निर्णय करतात. त्या शंभरांत आपण का नसावे?

कारेगावात आल्यावर पहिल्याच वर्षी आम्ही दोघांनी नावे येथे आणली. यादीची प्रत हाती आली तेव्हा आमच्या नावांवर बोट ठेवून मी ती दोनदा वाचली. वडिलांची त्या दिवशीची चाल मला उलगडली. त्यांनी भिंत बांधून गाव आपले केले होते. मी नुसते नाव लिहून सुरुवात केली आहे.

थोरलीची प्राथमिक शाळा केव्हाच संपली. तिच्यासाठी मला काही करता आले नाही, याची खंत राहीलच. धाकटी आता दुसरीत आहे. सकाळी तिची आई बाटली काठोकाठ भरून देते आणि बजावते, “सगळं पाणी पिऊन ये.” संध्याकाळी ती बाटली उलटी करून पाहते, आणि मीही पाहतो.